बावन्न इंच पन्हा

नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मी लिहिलेल्या एका बातमीमुळे बेळगावात शिकणाऱ्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला पोलिसांची नोटीस आली. बातमी कौतुकाची होती. तीन कॉलम, फोटोसह, पान पाच.

विद्यार्थिनीचं नाव नीमा. गाव मोरोगोरो. त्या वेळी ती बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि शहरातल्याच वडगावात मारुतीआप्पा या विणकराच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. आज ती चित्रपटांत कामं करते. नोटीस आली त्या आठवड्यात मात्र पुढच्या महिन्यात ती बेळगावात असेल की नाही, हेच ठरायचं होतं.

मी चौतीस वर्षं बेळगावच्या एका मराठी दैनिकात वार्ताहर होतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून पत्र आलं तेव्हा यादी करून बघितली. मोर्चे, लाठीमार, सीमाप्रश्नाच्या सभा, पूर, दोन विमान अपघातांच्या अफवा. त्या सगळ्या बातम्या मी नसतो तरी छापल्या गेल्या असत्या. ही एक छापली गेली नसती.

आधी धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. बातमी वरून खाली लिहितात. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात, त्याहून कमी महत्त्वाचं दुसऱ्या परिच्छेदात, आणि नसलं तरी चालेल ते शेवटी. याचं कारण साहित्यिक नाही. संध्याकाळी पान लावायला घेतलं की एखादी जाहिरात वाढते, आणि उपसंपादक बातमी खालून कापतो. वाचून कापत नाही, मोजून कापतो. दोन इंच हवे असतील तर खालचे दोन इंच जातात. हे आमच्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. कणकुंबीचा आमचा वार्ताहर तर इतका तयार झाला होता की कार्यक्रमाच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांच्या आधी उपस्थितांची नावं लिहायचा. पाहुणे अंक विकत घेत नाहीत, उपस्थित घेतात, असं त्याचं म्हणणं होतं.

नीमाची आणि माझी ओळख एका फ्लेक्समुळे झाली. शहापूर भागातल्या एका साडीच्या दुकानानं दिवाळीसाठी चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर साडी नेसलेली ती उभी. गडद जांभळी साडी, मोहरीच्या रंगाचा काठ, डोक्यावर पदर नाही, हात मोकळे सोडलेले. तिथं रिक्षा थांबवून लोक बघत होते. संपादक म्हणाले, कोण आहे ती, बघा. मी पत्ता काढत वडगावला गेलो.

आप्पांच्या घरी पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकघर, त्यामागं नीमाची खोली. मी गेलो तेव्हा आप्पा मागावर होते, त्यांची बायको यल्लूआक्का दारात शेंगा फोडत होती आणि शेजारी बसून नीमाही तेच करत होती. उंची सहा फुटांना इंचभर कमी. तिची मराठी ऐकून मी वहीत पहिली नोंद तीच केली. ती आक्काची मराठी होती, हेल काढून बोलणारी, बेळगावातल्या बायकांसारखं 'मी गेलो, मी सांगितलो' म्हणणारी.

तिनं पहिल्यांदा सिटी बसमधली गोष्ट सांगितली. येऊन दोनच महिने झाले होते. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "हल्याळची काय गं तू?" हल्याळ, यल्लापूरकडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकांची गावं आहेत. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागं आफ्रिकेतून आले. ती माणसं कन्नड, कोकणी, मराठी बोलतात, बाजाराला बेळगावला येतात. कंडक्टरला यात नवल काहीच नव्हतं.

"मला हल्याळ म्हंजे काय ठावं न्हवतं," नीमा म्हणाली. "मला वाटलं, सुट्टे हाईत काय म्हणून इचारतोय. मी म्हटलो, व्हय."

"मग?"

"मग त्यो म्हटला, माझा साडू हल्याळलाच असतोय. बसाय जागा करून दिला."

साडीची गोष्ट आक्कानं सांगितली. नीमा दोन वर्षांत पहिल्यांदा आईला भेटायला गावी निघाली होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत. लेक लांबच्या गावाला निघाली की ओटी भरून लावून द्यायची. आक्कानं गौरीच्या वेळी तिला स्वतःची साडी नेसवून बघितली होती, ती घोट्याच्या वर वीतभर राहिली. शेजारच्या बायका हसल्या, एक म्हणाली, "नदीत उतरणार हाय काय गं ही?" नीमाही हसली. आप्पांनी मागावरून मान वर करून साडीचा काठ बघितला.

साडीच्या रुंदीला पन्हा म्हणतात. साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच. तो मनावर नसतो, मागाच्या फणीवर असतो. फणी म्हणजे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ज्या दातांतून ओवतात ती पट्टी. फणी जेवढी, तेवढाच पन्हा. जास्त रुंद हवा असेल तर दुसरा माग लागतो. आप्पांच्या घरामागच्या परड्यात वडिलांचा एक माग मोडून ठेवलेला होता, चादरी विणायचा. तो त्यांनी उचलून आणला, सुतार बोलावून दोन लाकडं बदलली आणि त्यावर साडी लावली. चादरीच्या मागावर साडी विणणारा वडगावात आधी कुणी ऐकला नव्हता. रेशमाचा ताणा दोनदा तुटला. बावन्न इंच पन्ह्याची ती साडी निघायला सुट्टी लागायच्या आधीचा दिवस उजाडला.

निघताना आक्कानं उंबऱ्यात ओटी भरली. शेजारीण म्हणाली, लग्न न झालेल्या पोरीची ओटी भरत्यात व्हय? आक्का म्हणाली, "तुझी लेक गोकाकला जाती, माझी समुद्राच्या पलीकडं निघालीया. तू बस मोजत."

साडीतला फोटो आईला पाठवण्यासाठी आप्पांच्या पुतण्यानं मोबाइलवर काढला होता. आप्पांच्या साड्या घेणाऱ्या दुकानदारानं तो बघितला. नीमा गावाहून परत आल्यावर त्यानं फोटोग्राफर लावून नीट फोटो काढले आणि फ्लेक्स केला. त्याची अडचण वेगळीच झाली. गिऱ्हाईक येऊन बोर्डावरची साडी दाखवा म्हणायचं, आणि ती साडी दुकानात नव्हती. जगात एकच होती, आक्काच्या पेटीत.

हे सगळं मी लिहून घेतलं. उठताना नीमा म्हणाली, "काका, एक लिवा. मी पैसे घेतलो न्हाय. माझ्या व्हिसात काम चालत न्हाय. शिकाय आलोय, तेवढंच. दुकानदार आप्पांच्या वळखीचा, म्हणून फोटोला उभारलो."

ते वाक्य वहीत आहे. वही माझ्याकडे आहे.

ऑफिसात येऊन बातमी लिहिली. शीर्षक दिलं: 'कमवा आणि शिका: मोरोगोरोची नीमा बेळगावच्या फ्लेक्सवर'. आमच्या भागात 'कमवा आणि शिका' हे शब्द किती मानाचे आहेत, ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. वसतिगृहात राहून, शेतात नाहीतर छापखान्यात राबून शिकलेल्या दोन पिढ्या इथं आहेत. मी स्वतः सकाळी पेपर टाकून बी. ए. झालो. कुणाबद्दल चांगलं लिहायचं झालं तर माझ्याकडे याहून मोठे शब्द नव्हते. पहिल्या परिच्छेदात 'शिक्षण घेतानाच स्वतःच्या पायावर उभी राहिलेली' असंही लिहिलं. तिनं मोबदला घेतला नाही, हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात घातलं. संध्याकाळी फटाक्यांच्या एका स्टॉलची जाहिरात दोन इंचांनी वाढली.

बातमीचं कात्रण कुणीतरी पोलिसांकडे पाठवलं. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या शाखेनं नोटीस काढली: विद्यार्थी म्हणून आलेल्या व्यक्तीनं कमाईचं काम केल्याचं वृत्तपत्रातून दिसतं, तरी सात दिवसांत खुलासा करावा. तिच्या व्हिसाची मुदत त्याच महिनाअखेरीला संपत होती. मुदतवाढीला शाखेची शिफारस लागते. शिफारस नाही म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर परत जाणं.

नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या ऑफिसात आली. हातात कात्रण होतं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"काका, हे कोण लिवलं?"

"मी."

"कमवा म्हंजे काय, आक्कानं सांगितलं मला. मी सांगितलो न्हवं तुमास्नी?"

"सांगितलंस. मी लिहिलंही होतं. शेवटच्या परिच्छेदात. जागा कमी पडली, तो कापला गेला."

ती कात्रणाच्या खालच्या कडेकडे बघत राहिली.

"शेवटचं कापत्यात, हे तुमास्नी ठावं हुतं?"

"होय."

"मग शेवटी का लिवलासा?"

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आता देतो. 'कमवा आणि शिका' आणि 'पैसे घेत नाही' ही दोन वाक्यं एका बातमीत शेजारी बसत नव्हती. एक ठेवलं की दुसरं खोटं पडत होतं. मला पहिलं आवडलं होतं. दुसरं मी गाळलं नाही. जिथून ते गळेल तिथं ठेवलं.

संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "खुलासा देऊ. नजरचुकीनं झालं म्हणायचं."

"नजरचुकीनं नाही झालं."

"मग कशानं?"

सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हे छापता येणार नाही. चार ओळी लिहा." माझ्या नावावर तोपर्यंत एकही खुलासा छापून आला नव्हता, याचा मला अभिमान होता आणि तो ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. चार ओळी मी लिहिल्या. 'ही चूक वार्ताहराची आहे' हे पाचवं वाक्य संपादकांनी खोडलं. खुलासा पान दोनवर, भाजीच्या दरांखाली आला. हाताने लिहिलेला पाच वाक्यांचा कागद मी खिशात ठेवला.

सातव्या दिवशी आम्ही चौघं शाखेत गेलो. नीमा, आप्पा, आक्का आणि मी. दुकानदारानं पैसे दिले नसल्याचं पत्र लिहून दिलं होतं. आक्काच्या काखेत एक गाठोडं होतं, पिवळ्या-काळ्या नक्षीच्या कापडात बांधलेलं. चौकशी करणारे निरीक्षक गोकाककडचे, घरची भाषा कन्नड, मराठी स्वच्छ. आधी मला बोलावलं.

"पेपरवाले तुम्ही?"

"होय."

"पेपरात छापलंय कमवते. परवा छापलंय कमवत नाही. कुठलं खरं धरू?"

"दुसरं."

"मग पहिल्यांदा खोटं का लिहिलंत?"

"शीर्षक चांगलं झालं होतं."

त्यांनी मान वर करून बघितलं आणि ते वाक्य जबाबात घेतलं. मी खिशातला कागद दिला. तोही जोडला. चौतीस वर्षांत माझं जे लेखन सरकारी फाइलीत गेलं, ते एवढंच.

दुकानदाराचं पत्र त्यांनी वाचलं. मग आप्पांकडे वळले.

"फोटोतली साडी कुणाची?"

"आमची. मी विणलो."

"आता कुणाकडं आहे?"

"हिचीच हाय. पेटीत ठेवलीया."

"म्हणजे हिनं जाहिरातीला फोटो दिला आणि हिला साडी मिळाली. पैसे नसतील, पण साडी हा मोबदला झाला."

आप्पा छताच्या पंख्याकडे बघू लागले. मुद्दा चुकीचा नव्हता, आणि साडी भेट असल्याचा कागद आमच्याकडे नव्हता.

आक्कानं गाठोडं सोडलं. साडी काढली, उलगडली आणि दाराशी उभ्या असलेल्या महिला पोलिसाच्या कमरेला लावून धरली. खालचा काठ फरशीवर वीतभर लोळला.

"ही कुणाला हुतीया सांगा, साहेब. इकायची असती तर एवढी रुंद कशाला विणली असती?"

"ते कळलं, आक्का. पण दिली कशासाठी? ते सांगा."

आक्कानं भाषा बदलली. "उडी तुंबीव्‌री, साहेब." ओटीला कन्नडमध्ये उडी म्हणतात. ओटी भरली, एवढंच ती म्हणाली.

निरीक्षकांनी पेन थांबवलं. "लग्न झालंय हिचं?"

"न्हाय."

"मग उडी कशी?"

"लेक आईला भेटाय निघालती. दोन वर्सांनी. मोकळ्या पदरानं लावू व्हय? तिची आई काय म्हटली असती, ज्या घरात माझी पोर ठेवली, त्यास्नी रीत न्हाय व्हय म्हणून?"

"काय काय घातलं?"

"तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. वर ही साडी."

"तांदूळ विमानात सांडलं," नीमा म्हणाली. त्या खोलीत ती आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. "आक्का म्हटली हुती, आईच्या हातात दिल्याबिगर सोडायचं न्हाय. पदराला गाठ मारून बसलो हुतो. गाठ सुटली."

महिला पोलीस हसली. निरीक्षकांनी गाठोड्याच्या कापडाकडे बोट केलं. "आणि हे कापड कुठलं?"

"हे हिच्या आईनं धाडलं," आक्का म्हणाली. "परत येताना. मला. तिकडं असलंच देत्यात म्हणं, एक बाई दुसऱ्या बाईला."

नीमानं सांगितलं, त्याला कांगा म्हणतात. साडी बघितली त्याच दिवशी आईनं बाजारात जाऊन आणला.

निरीक्षकांनी कापड हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, परत दिलं. मग बराच वेळ लिहीत राहिले. त्यांचा अहवाल कन्नडमध्ये होता. नीमाला पुढे त्याची प्रत मिळाली, ती मी वाचली आहे. त्यातलं वाक्य असं: सदर साडी ही जाहिरातीपूर्वी, दोन कुटुंबांतील रूढीप्रमाणे दिलेली भेट असून तिची परतभेट झालेली आहे, सबब तो मोबदला नव्हे. खाली, शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही जाहिरातीत काम न करण्याची समज दिली आहे.

मुदतवाढ महिनाअखेरीच्या तीन दिवस आधी आली.

फ्लेक्स दुकानदारानं त्याच आठवड्यात उतरवला. फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाही. आप्पांनी तो मागून आणला आणि मागाच्या खोलीच्या कौलांखाली, ऊन आणि धूळ पडू नये म्हणून, उलटा ताणून लावला. म्हणजे मागावर बसलं की वर नीमा दिसायची. पुढची तीन वर्षं आप्पांनी तिच्याखाली बसून विणलं.

तिनं पदवी घेतली आणि मोरोगोरोला परत गेली. तिथं औषधांच्या दुकानात नोकरी केली. ती वर्षभरानं परत आली ती त्याच फ्लेक्समुळे. कोल्हापूरचा एक जाहिरात करणारा गृहस्थ मुंबईत असतो. तेव्हा कामासाठी बेळगावला आला असताना त्यानं चौकात गाडी थांबवून फ्लेक्सचा फोटो काढला होता. त्यानं तिचा पत्ता काढला, कंपनीतर्फे कागद केले, आणि ती कामाच्या रीतसर व्हिसावर मुंबईला उतरली. उतरल्यावर तिनं तीन फोन केले. पहिला आईला, दुसरा आक्काला, तिसरा मला.

"काका, आता लिवा. आता कमावतोय."

मी आठ ओळींची बातमी केली. कामाचा परवाना आहे, हे पहिल्या वाक्यात लिहिलं. उपसंपादकानं विचारलं, परवान्यानं बातमी सुरू करतात का? मी म्हटलं, ही करतात.

मुंबई-पुण्यात तिनं चार वर्षं मॉडेलिंग केलं. कपडे, चपला, एका बँकेचं कॅलेंडर. साडीच्या जाहिराती कमी मिळाल्या, कारण पन्हा. चित्रपटात बोलावणी येऊ लागली ती एकाच तऱ्हेची. अमली पदार्थ विकणाऱ्याची बायको, नाहीतर त्याची बहीण. संवाद मोडक्या हिंदीत. ऑडिशनला तिनं सरळ हिंदी बोलून दाखवली की म्हणायचे, थोडी बिघडवा. एक भूमिका तिनं केली. गोळी लागून जिन्यावर पडायचं होतं. आक्कानं ती टीव्हीवर बघितली आणि दोन दिवस फोनवर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मराय एवढ्या लांबनं आलीस व्हय गं?" त्यानंतर नीमानं तसली भूमिका घेतली नाही. दीड वर्ष चित्रपटाचं काम मिळालं नाही.

मग खानापूर तालुक्यातल्या एका तरुण दिग्दर्शिकेनं तिला मराठी चित्रपटात घेतलं. चित्रपटाचं नाव देत नाही, जाहिरात हा हेतू नाही. कणकुंबीच्या बाजूच्या एका गावातलं आरोग्य उपकेंद्र आणि तिथं बदलून आलेली नर्स, अशी गोष्ट. नर्स म्हणजे नीमा. चित्रीकरण झालं, आणि निर्मात्यानं सांगितलं की आवाज पुण्याच्या एका अभिनेत्रीचा घालू. या चेहऱ्यातून ही मराठी लोकांना खरी वाटणार नाही.

नीमाचा फोन आला. आवाज नेहमीचा होता, पण वाक्यं तुटक होती. "काका, तोंड माझं ठेवणार, आवाज काढणार म्हणत्यात. आक्कानं शिकवलेलं सगळं काढणार."

मी निवृत्त झालो होतो आणि चित्रपटातलं मला काही कळत नाही. एक सुचवलं. आमच्याकडे बातमी खरी वाटते की नाही, हे ऑफिसात बसून ठरवत नाहीत, गावात विचारतात. दिग्दर्शिकेच्या मनातही तसंच काही होतं. तिनं निर्मात्याला घेऊन खानापुरात आशा कार्यकर्त्या आणि नर्सबायांना गोळा करून चित्रपट दाखवला, नीमाच्याच आवाजात. मी मागं बसलो होतो. संपल्यावर निर्मात्यानं विचारलं, काही खटकलं का? नंदगडची एक वयस्क नर्स म्हणाली, "इंजेक्शन असलं धरत न्हाईत. सुई वर पायजे."

"आणि बोलणं?"

"बोलण्याला काय झालंय?" बाई म्हणाली. "हल्याळकडची हाय न्हवं ती?"

आवाज तसाच राहिला. इंजेक्शनचं दृश्य परत चित्रित झालं.

शेवटच्या प्रसंगात नर्सची बदली होते आणि गावातल्या बायका तिची ओटी भरतात. हा प्रसंग पटकथेत नव्हता. दिग्दर्शिकेला नीमानं साडीची गोष्ट सांगितल्यावर तो आला. साडी तीच, आक्काच्या पेटीतली. आप्पांचे हात आता थरथरतात, त्यांनी माग बंद केला आहे. चादरीचा माग परत परड्यात गेला.

चित्रपट या वर्षी लागला. बेळगावात तो एक आठवडा चालला. आक्काचं माहेर निपाणीचं. तिच्या दोन बहिणी तिथं राहतात, दोघींनी हयात तंबाखूच्या वखारीत काढली. आक्काला चित्रपट त्यांच्याबरोबर बघायचा होता. म्हणून एका रविवारी नीमा मुंबईहून आली आणि आम्ही सहाजण निपाणीच्या जुन्या थिएटरात दुपारच्या खेळाला बसलो.

खेळ सुरू व्हायच्या आधी नीमा वर ऑपरेटरकडे गेली. मी बरोबर होतो. ती म्हणाली, शेवटी नावं येतात, ती पूर्ण चालू द्या. तो म्हणाला, "नावं लागली की आमी बंद करतोय, ताई. लोक थांबत न्हाईत. झाडाय बायका यायच्या असत्यात."

"आमी थांबतोय."

"किती येळ हाय?"

"तीन मिन्टं."

"तुमचं नाव तर सुरवातीलाच येतंय न्हवं?"

"माझं न्हाय," नीमा म्हणाली.

अर्ध्याहून कमी थिएटर भरलेलं होतं. ओटीचा प्रसंग आला तेव्हा आक्काच्या धाकट्या बहिणीनं डोळ्याला पदर लावला. आप्पा पुढं वाकून बघत होते. जरा मोठ्यानं म्हणाले, "काठ उलटा दिसतोय काय गं?" आक्का म्हणाली, "गप बसा. सुलटाच हाय."

चित्रपट संपला. दिवे लागले, लोक उठले. पडदा चालू राहिला. झाडणाऱ्या दोघी बायका दारात थांबल्या. कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, जेवण, गाड्या, गाड्यांचे चालक. एका ड्रायव्हरचं नाव दोनदा होतं. मग ग्रामपंचायत, उपकेंद्राचा कर्मचारी वर्ग, नंदगडच्या त्या नर्सबाई.

आक्काला वाचता येत नाही. शेवटची ओळ वर सरकत आली तेव्हा तिनं विचारलं, "काय लिवलंय गं?"

नीमानं वाचून दाखवलं.

"साडी: मारुती बाळाप्पा, विणकर, वडगाव, बेळगाव. पन्हा बावन्न इंच."